दाजींच्या गाडीतला दुभाष्या

या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊकच आहे की, मला मोटार चालवता येत नाही. सायकल येते, तीही चढावर हातात धरून. तेव्हा मोटारीविषयी लिहिण्याचा अधिकार ह्या मराठीच्या मास्तराला कोणी दिला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. माझे उत्तर एवढेच की, मोटारीची खरी भीती चालवणाऱ्याला नसून शेजारी बसणाऱ्याला असते, आणि मी जन्मभर शेजारी बसत आलो आहे. शिवाय ही हकीकत मुळात मोटारीची नव्हे, माझ्या ताईची आहे.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. राहुरी तालुक्यात दिली आहे. मुळा धरणाच्या कालव्यावर ऊस, दारात म्हशी, घरात माणसांचा राबता. दाजी सालस गृहस्थ. त्यांना व्यसन म्हणाल तर एकच, मोटारीचे. तीन वर्षांमागे त्यांनी पुण्याहून एक प्रचंड गाडी आणली. गाडीचे नाव मी सांगणार नाही. परदेशी आहे, उंच आहे, आणि आत बसल्यावर आपण बँकेच्या व्यवस्थापकाच्या खोलीत बसलो आहोत असे वाटते, एवढे पुरे. गाडी २०१६ सालची. नवी असती तर दाजींच्या दोन-तीन एकरांची किंमत तिच्यात गेली असती. सात वर्षांची झाली म्हणून एका साध्या नव्या गाडीच्या भावात मिळाली. हत्ती म्हातारा झाला तर मिळतो घोड्याच्या किमतीत. खातो मात्र हत्तीएवढेच.

गाडीच्या पुढल्या फळीत एक पडदा होता. त्यावर गाणी, फोन, आणि नकाशा. ह्या नकाशाचे दाजींना फार कौतुक. पण नकाशा भरला होता गाडीबरोबर आलेल्या एका लहानशा कार्डात, आणि ते कार्ड गाडीच्या जन्मानंतर कोणी नवे केले नव्हते. त्यामुळे त्या गाडीच्या लेखी जग २०१६ सालीच थांबले होते. आमच्या नगरातला उड्डाणपूल २०२२ साली सुरू झाला. गाडीला तो माहीत नाही. पुलावर चढलो की तिला वाटे आपण खालच्या रस्त्यानेच चाललो आहो, आणि पुलावरच ती उजवीकडे वळायला सांगे! २०२४ साली आमच्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पडद्यावर अहमदनगर. याबाबत मी गाडीला दोष देत नाही, कारण आम्ही नगरकर बोलताना दोन्ही नावांतले पहिले निम्मे गाळून नुसते 'नगर' म्हणतो. पण समृद्धी महामार्गावर तिने खरी बहार केली. नागपूर ते शिर्डी हा त्या रस्त्याचा भाग ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. वैजापूरकडे एका सोयरिकीला गेलो होतो, ते परतताना त्या रस्त्याने शिर्डीपर्यंत आलो. पडद्यावर पाहतो तो आजूबाजूला पांढरे कोरे माळरान, आणि त्यातून आमचा बाण सुसाट चालला आहे. भाचा म्हणाला, "मामा, आपण कोणाच्या तरी उसातून चाललोय." दाजी हसले. पण तेव्हापासून ते वाटेसाठी आपला मोबाइल वापरू लागले, आणि तिथेच घोटाळा झाला.

मोबाइल ठेवायचा कुठे? त्या दिमाखदार फळीवर प्लॅस्टिकचा चिमटा लावणे दाजींना शोभेना. म्हणून तो असे पेल्यासाठी केलेल्या खळग्यात. वाट पाहायची तर उचलून पाहायची. फोन आला तर उचलून पाहायचा. आणि गळिताच्या दिवसांत ऊसवाल्या शेतकऱ्याला फोन किती येतात हे ज्याने पाहिले नाही त्याला कळायचे नाही. तोड कधी येणार, टोळी कुठे अडली, वजन किती भरले. चिटबॉयचा एक निरोप येतो न येतो तोच दुसरा.

गोष्ट गेल्या पौषातली. संक्रांत दोन दिवसांवर होती. ताई-दाजी आमच्याकडे जेवून रात्री साडेदहाला निघाले. नगर-मनमाड रस्त्यावर हंगामात रात्री काय चालते ते वाचकांपैकी ज्यांनी शिर्डीची वारी केली आहे त्यांना माहीत असेल. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बाजूंनी बाहेर लोंबणारा ऊस, खड्डा चुकवायला एकाएकी आडवे येणारे ट्रक, आणि कडेने कारखान्याकडे चाललेल्या टायरगाड्या. बीडकडची, पाथर्डी-शेवगावकडची माणसे. दिवसभर तोड, मग रात्री भरलेली गाडी घेऊन कारखान्याच्या रांगेत. गाडीला मागे दिवा नाही, लाल काच नाही. उसाच्या मोळ्यांचा रंग अंधारात अंधारासारखाच.

राहुरी फॅक्टरी ओलांडली आणि फोन खणखणला. दाजींनी खळग्यात हात घातला. फोन उताणा होता तो उपडा झाला, म्हणून त्यांनी क्षणभर खाली पाहिले. ताई ओरडली. दाजींनी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा समोरच्या काचेत ऊस आणि उसाखेरीज काही नव्हते. उजेडात ताईने वर पाहिले तर मोळ्यांच्या वर गोधडीत एक पोर झोपलेले. ते जागेही झाले नाही. गाडीवान खाली उतरला नाही, शिवी दिली नाही. त्याने मागे वळून एकदा दिव्यांकडे पाहिले आणि बैलांना हाक दिली. दाजी गाडी कडेला घेऊन किती तरी वेळ बसून राहिले, आणि मग एक शब्दही न बोलता घरी आले.

हे मला ताईने तीन आठवड्यांनी सांगितले. सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता, ती पुढे एवढेच म्हणाली, "मी त्या दिवसापासून त्यांच्या गाडीत बसलेली नाही. एस.टी.ने जाते. त्यांना म्हटलंय, फोन हातात घ्यावा लागणार नाही अशी सोय होईपर्यंत मी बसायची नाही. नणंदेच्या पोराच्या गाडीत फोन समोरच्या काचेवर दिसतो. ती गाडी ह्यांच्या गाडीच्या निम्मीसुद्धा नाही. मग ह्या एवढ्या मोठ्या गाडीत का नाही रे दिसत?"

ह्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईना. म्हणून मी ते शोधायला लागलो, आणि शोधता शोधता त्यात गुंतलो.

मोटारीत करमणुकीचे यंत्र बसवण्याची हौस जुनीच आहे. अमेरिकेत पॉल गॅल्विन नावाच्या कारखानदाराने १९३० साली मोटारीत बसणारा रेडिओ विकायला काढला आणि त्याचे नाव ठेवले मोटोरोला. पुढे कंपनीचेच ते नाव झाले. आपल्याकडे ॲम्बॅसडरच्या फळीत रेडिओ असणे म्हणजे डॉक्टर किंवा बागाईतदार असणे. घरातल्या रेडिओलाही तेव्हा परवाना लागे आणि पोस्टात पैसे भरून तो नवा करावा लागे, हे आमचे वडील अजून रंगवून सांगतात. त्या काळच्या व्यवस्थेत एक शहाणपण होते. रेडिओसाठी फळीत ठेवलेल्या खणाचे माप पुढे ठरून गेले: जर्मन मानकाप्रमाणे रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५०. कोणत्याही कंपनीची गाडी घ्या, कोणत्याही कंपनीचा रेडिओ घ्या, खणात सरकवला की बसला. रेडिओ गेला, टेप आला, टेप गेला, तबकडी आली, खण तोच. पुढे दुप्पट उंचीचा खण निघाला, पण तोही मापाचाच. आमच्या देवघरासारखे, देव बदलले तरी कोनाडा बदलत नाही.

महागड्या गाड्यांनी हा कोनाडाच बुजवला. पडदा फळीत मुरवला. त्याच्यात वातानुकूलन आले, मागे पाहायचा कॅमेरा आला, गाडीच्या तब्येतीच्या तक्रारी आल्या. पडदा काढून दुसरा बसवावा म्हटले तर गार हवाही बंद. दिसायला सुंदर, पण जन्माची गाठ.

इकडे फोनची तऱ्हा उलटी. ॲपल कंपनीने कारप्ले नावाची सोय मार्च २०१४ मध्ये जाहीर केली, आणि गूगलने अँड्रॉइड ऑटो त्याच वर्षीच्या जून महिन्यात. दोहोंची कल्पना एकच आणि मोठी चतुर आहे. गाडीच्या पडद्याने स्वतः काही करायचे नाही. नकाशा फोनात, गाणी फोनात, अक्कलही फोनात. फोन तयार चित्र पाठवतो, पडदा ते दाखवतो, आणि आपण बोट कुठे टेकवले तेवढे फोनला कळवतो. पडदा म्हणजे नुसता आरसा. त्यामुळे फोन नवा झाला की गाडी आपोआप नवी होते. अँड्रॉइड ऑटो २०१५ साली प्रथम ह्युंदाईच्या सोनाटा गाडीत आले. आपल्याकडे २०१७ साली मारुतीच्या इग्निससारख्या लहान गाडीतही ह्या दोन्ही सोयी मिळू लागल्या. ताईच्या नणंदेच्या पोराचे रहस्य हे!

काही बड्या कंपन्यांनीही ही सोय पहिल्या वर्षीच घेतली. पण काहींना ते पटेना. आपल्या आलिशान पडद्याने परक्या फोनाचा आरसा का व्हावे? बी.एम.डब्ल्यू. कंपनीने तर कारप्ले दिले, पण त्यासाठी गिऱ्हाइकाकडून वार्षिक वर्गणी लावून पाहिली; लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये ती सोडली. अँड्रॉइड ऑटो त्यांच्या गाड्यांत येऊ लागले ते २०२० मध्ये. लक्षाधीश गिऱ्हाईकसुद्धा वर्गणी म्हटली की कुरकुरते, हे वाचून मला आमच्या कॉलेजच्या वाङ्मय मंडळाची आठवण झाली. आणि हा हट्ट अजून संपलेला नाही: अमेरिकेच्या जनरल मोटर्सने २०२३ साली आपल्या पुढच्या विजेच्या गाड्यांतून ह्या दोन्ही सोयी काढून टाकायचे जाहीर केले. दाजींची गाडी अशाच मानी घराण्यातली निघाली.

दाजी प्रथम गेले पुण्याला, गाडीच्या कंपनीच्या दुकानात. तिथे त्यांना कॉफी मिळाली. कॉफीबरोबर असेही कळले की, त्यांच्या सालच्या गाडीला ही सोय 'अधिकृतपणे उपलब्ध नाही'. सबंध यंत्र बदलून नव्या सालचे घालता येईल, पण ते गाडीच्या संगणकाला ओळख पटवून द्यावे लागेल, ओळख पटेलच अशी हमी देता येत नाही, आणि खर्च पावणेतीन लाख. दाजी कॉफी अर्धी ठेवून परत आले. ताई एस.टी.नेच हिंडत राहिली.

अशा वेळी मास्तराला आपले विद्यार्थी आठवतात. मार्केट यार्डाच्या अंगाला माझ्या एका विद्यार्थ्याचे मोटारीच्या सजावटीचे दुकान आहे. बी.ए.ला असताना तो माझ्या विषयात दोनदा नापास झाला होता. पेपर मीच तपासला होता हे त्याला माहीत आहे आणि त्याने ते मनात ठेवलेले नाही. मला दारात पाहताच त्याने खुर्ची पुसली. "सर, तुम्ही गाडी घेतली?" मी म्हटले, "वेडा की काय! दाजींची आहे." त्याने गाडीत बसून दोन बटणे दाबली, फळीखाली डोके घातले आणि म्हणाला, "होईल. वायर एकही कापायची नाही. कपलर टू कपलर."

मग त्याने मला समजावून सांगितले, आणि मी प्रामाणिकपणे कबूल करतो की, माझ्या वर्गात मी इतके चांगले कधी समजावले नसेल.

गाडीचे मूळ यंत्र एकीकडे, पडदा दुसरीकडे, आणि दोहोंमध्ये एक दोरी. तीतून चित्र जाते. ही दोरी मध्ये सोडवायची आणि तिथे हाताच्या पंजाएवढी एक पेटी जोडायची. पेटीला दोन तोंडे. मूळ यंत्राचे चित्र तिच्यातून जसेच्या तसे पलीकडे जाते. पण चाकावरचे एक बटण जरा वेळ दाबून धरले की, पेटी यंत्राचे चित्र अडवते आणि फोनचे चित्र पडद्यावर सोडते. पुन्हा दाबले की पुन्हा पहिले. बटण दाबलेले पेटीला कळते कसे? गाडीतल्या साऱ्या यंत्रांच्या गप्पा दोन पिळलेल्या तारांवरून चालतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ही भाषा १९८६ साली जगापुढे मांडली. पेटी त्या तारांना कान लावून बसते. गाडीचे काय बोलणे चालले आहे ते ऐकते, आणि फोनला कळेल असे सांगते.

"म्हणजे दुभाष्या!" मी म्हणालो.

"काय ते सर?"

"दोन भाषा जाणणारा. दरबारात असे. साहेब इंग्रजी बोले, सरदार मराठी, मध्ये हा."

"बरोबर. पण सर, दुभाष्या चांगला पाहिजे. स्वस्तातला घेतला तर मधूनच चूप होतो."

दरबारातही तेच होते, असे मी मनात म्हटले.

आवाजाची गंमत त्याहून मोठी. ह्या गाडीत गाण्याचा आवाज तांब्याच्या तारेतून जात नाही. बारीक प्लॅस्टिकच्या धाग्यातून, लाल उजेडाच्या रूपाने जातो. यंत्रातून उजेड निघतो, वर्धकात जातो, तिथून पुढच्या यंत्रात, आणि फेरा पुरा करून परत मूळ जागी. आमच्या मुली भोंडल्याला फेर धरतात तसे. एकीने हात सोडला की फेर मोडला. म्हणजे ह्यातले एक यंत्र काढले की सारी गाडी मुकी. म्हणून शहाण्या कारागिराने ह्या फेराला हातच लावू नये. फोनचा आवाज त्याने गाडीच्या बाहेरच्या आवाजासाठी ठेवलेल्या जुन्या भोकातून आत सोडला. फोन आणि पेटी यांच्यात मात्र तार नाही. दोघे आधी ब्लूटूथने एकमेकांना नमस्कार करतात आणि मग वाय-फायने बोलू लागतात.

पेटी, मजुरी मिळून बत्तीस हजार ठरले. दाजी 'तीस' म्हणाले. विद्यार्थी माझ्याकडे पाहून हसला आणि 'तीस' म्हणाला. नापास केल्याचे दोन हजार वसूल झाले की सुटले, ते अजून मला कळलेले नाही.

काम दिवसभराचे. फळीचे तुकडे प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटून अलगद काढायचे, नाही तर चरे पडतात. उघडी पडलेली गाडी पाहून दाजींचा चेहरा शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसासारखा झाला. त्यांना तिथेच सोडून मी भाच्याला घेऊन रणगाडा संग्रहालयात गेलो. आमच्या नगरात १९९४ पासून हे संग्रहालय आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना चांदबिबीचा महाल आणि हे रणगाडे दाखवतो. तिथे एक चिलखती मोटार उभी आहे. खाली रोल्स-रॉइस कंपनीचा सिल्व्हर घोस्ट सांगाडा, वर पोलाद, आणि पोलादावर फिरता बुरूज. सिल्व्हर घोस्ट म्हणजे त्या काळची राजेरजवाड्यांची मोटार. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा, १९१४ साली, इंग्रजांच्या आरमारी विमानदलाने ह्या मोटारींच्या सांगाड्यावर पोलाद चढवले, आणि चिलखती गाड्यांची ती जात पुढे वर्षानुवर्षे चालली. मी भाच्याला म्हटले, "बघ, श्रीमंताच्या गाडीवर मागाहून काय काय बसवता येतं ते." तो म्हणाला, "मामा, ह्याला कपलर कुठे होते?"

मागाहून बसवणे. इंग्रजीत ह्याला 'रेट्रोफिट' म्हणतात, आणि मराठीत एक शब्द सापडेना म्हणून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. मग लक्षात आले की, आमचे माळीवाड्यातले घरच तसे आहे. वाडा बांधला तेव्हा वीज नव्हती. मागाहून लाकडी पट्टीतून वायर फिरवली, मागाहून नळ घेतला, मागाहून जिन्याखाली शौचकूप. भिंत कुठेही फोडलेली नाही, सगळे वरून. त्या घरात आम्ही तीन पिढ्या राहिलो आणि त्याला शब्द लागला नाही.

संध्याकाळी गाडी तयार झाली. दाजींनी बटण दाबून धरले, आणि त्या मानी पडद्यावर त्यांच्या फोनातला नकाशा उमटला. उड्डाणपूल होता. समृद्धी होता. अहिल्यानगर होते. दाजींनी माझा हात इतका जोराने दाबला की, दुसऱ्या दिवशी मला खडू धरवेना. ताईला फोन गेला. ती म्हणाली, "बघू."

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू होईना. बॅटरी साफ उतरलेली. ती राखीपौर्णिमेची सकाळ होती; ताई ह्याच गाडीने पहिल्यांदा आमच्याकडे यायची होती. नवी साडी नेसून ती अंगणात उभी, आणि दाजी बॉनेटमध्ये डोके घालून. शेवटी ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून वीज घेऊन ती लक्षाधीश गाडी जागी केली. कारण असे निघाले की, आमचा दुभाष्या झोपतच नव्हता. गाडी कुलूप लावून उभी केली की, तिची यंत्रे काही वेळाने एकेक करून निजतात. पण पेटीला वीज जोडली होती सदैव चालू असणाऱ्या तारेला. ती रात्रभर जागी. ती जागी म्हणून बाकीच्यांनाही झोप नाही. आणि सकाळपर्यंत सगळ्यांनी मिळून बॅटरी खाऊन टाकली. विद्यार्थ्याने येऊन ती तार काढली आणि किल्ली फिरवल्यावरच वीज येणाऱ्या तारेला जोडली. "चुकलं सर," तो म्हणाला. "दोनदा नापास झालेला माणूस आहे." ह्यावर काय बोलणार?

इथे हकीकत संपावी असे मला फार वाटत होते. ताई गाडीत बसली, दाजी खूष, फोन खळग्यात निमूट. कायद्याच्या दृष्टीनेही सारे ठीक. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात गाडी चालवताना हातात फोन धरणे हे धोकादायक चालवण्यात मोडते, आणि दंड पाच हजारांपर्यंत जातो. वाट पाहण्यासाठी फोन वापरण्याला १ ऑक्टोबर २०२० पासून मुभा आहे, तीही चित्त विचलित होणार नाही अशा बेताने. दाजींच्या हातात तर आता काहीच नव्हते.

पण माझी वाचायची खोड. वाचता वाचता इंग्लंडमधली एक चाचणी हाती लागली. तिथल्या आय.ए.एम. रोडस्मार्ट या संस्थेने ती २०२० साली प्रसिद्ध केली. गाडीच्या पडद्यावर कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो बोटाने वापरत असताना चालकाला समोरचा धोका कळून हालचाल करायला किती वेळ लागतो, ते त्यांनी चालक-सदृश यंत्रावर मोजले. नेहमीपेक्षा निम्म्याहून अधिक जास्त. त्यांच्याच आकड्यांप्रमाणे हातात फोन घेऊन निरोप लिहिणाऱ्याला ह्यापेक्षा कमी वेळ लागत होता! बोटाऐवजी तोंडाने आज्ञा दिली तर उशीर कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

मी तो मजकूर दोनदा वाचला. तीस हजार रुपये, एक दिवस, एक बॅटरी. आणि आम्ही दाजींची नजर खळग्यातून काढून पडद्यावर नेऊन ठेवली होती. खळगा निदान गैरसोयीचा तरी होता. पडदा मोठा, स्वच्छ, हाताशी. बोट आपोआप जाते. पेटी बसवल्यापासून दाजी चालता चालता गाणीही बदलू लागले होते, ते मी शेजारी बसून पाहिले होते आणि मला कौतुकच वाटले होते.

सांगावे की सांगू नये? ताईला सांगितले तर ती पुन्हा एस.टी.च्या थांब्यावर. न सांगावे तर ते गोधडीतले पोर डोळ्यांपुढून हलेना, आणि मी तर ते पाहिलेही नव्हते. शेवटी नवरात्रात राहुरीला गेलो असता ओट्यावर बसून दाजींनाच सांगितले. ते सुपारी कातरत होते. सगळे ऐकून घेतले. आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाले, "मास्तर, त्या रात्री फोन कोणाचा होता, माहीत आहे?"

"चिटबॉयचा ना?"

"हिला तसंच सांगितलं. चिटबॉयचा नव्हता. कोणीतरी 'शुभ रात्री' म्हणून फुलांचं चित्र पाठवलं होतं. मी दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं." त्यांनी सुपारी तोंडात न टाकता डब्यात परत ठेवली. "ते पोर उठून बसलं असतं ना, तर बरं वाटलं असतं. झोपून राहिलं."

मी काही बोललो नाही. आतून ताईचा आवाज आला, "चहा करू का?" दाजी म्हणाले, "कर." आणि मग उठून आत गेले. बराच वेळ गेला. आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. चहा मात्र फार उशिरा आला आणि त्यात साखर नव्हती.

ह्यानंतर त्या घरात एक नियम झाला. गाडी चालू असताना पडद्याला हात लावायचा तो ताईने. वाट घालायची निघण्यापूर्वी, उंबऱ्यात. फोन आला तर ताई पाहणार. महत्त्वाचा वाटला तर गाडी कडेला. दाजी एकटे असले तर फोनाचे तोंडच बंद. ताई आता त्या पडद्यात इतकी तरबेज झाली आहे की, नकाशातल्या बाईशी ती मोठ्याने भांडते. "कोल्हारवरून कशाला नेतेस बाई, मला रस्ता माहीत आहे!" ती बाई पुन्हा शांतपणे तेच सांगते. दोघींचे चांगले जमते.

परवा दाजी काही कामानिमित्त नगरला आले होते. भाऊबिजेला मी काय आणणार याची चौकशी ताईने त्यांच्याबरोबर पाठवली होती, ती त्यांनी इमाने इतबारे केली. निघताना म्हणाले, "जरा तुमच्या विद्यार्थ्याच्या दुकानाकडून जाऊ." मला वाटले, पेटीने पुन्हा काही दगा दिला. तसे काही नव्हते. त्यांनी लाल रेडियमच्या पट्टीची मोठी गुंडाळी मागितली. एक नव्हे, सहा. विद्यार्थी म्हणाला, "दाजी, एवढं कुठे लावणार? गाडीला तर आहे." दाजी पैसे मोजत म्हणाले, "गाडीला नाही. कारखान्याच्या रांगेत टायरगाड्या उभ्या असतात रात्रीच्या. कात्री आहे का तुझ्याकडे जुनी? दे."

गुंडाळ्या त्या बँकेच्या खोलीसारख्या गाडीच्या मागच्या बाजूला, गालिच्यावर ठेवल्या. विद्यार्थ्याने कात्रीचे पैसे घेतले नाहीत.